अर्धवट गोधड्या पूर्णत्वास नेताना

कपाटातील सात अर्धवट गोधड्या मी एकदा जमिनीवर मांडल्या, तेव्हा लक्षात आले की त्या आळसामुळे नव्हे, तर प्रत्येकीत पुढचा टप्पा कोणता हेच विसरल्यामुळे अडल्या होत्या. म्हणून प्रत्येकीसाठी स्वतंत्र पारदर्शक पिशवी केली आणि तीत उरलेले कापड, दोरा, शिवणीची रुंदी (कापडाच्या कडेपासून टाक्यापर्यंतचे अंतर) व पुढचे एकच काम लिहिलेली चिठ्ठी ठेवली.

शिवणीची रुंदी लिहिणे सर्वांत मोलाचे ठरले. एका गोधडीचे निम्मे चौकोन मी पाव इंच शिवण धरून जोडले होते आणि काही महिन्यांनी उरलेले जोडताना ती जेमतेम एक मिलिमीटरने वाढली. प्रत्येक शिवणीत दोन्ही बाजूंचे कापड जात असल्याने अकरा जोडांत ओळ बावीस मिलिमीटरने आखूड झाली. त्या ओळी उसवून पुन्हा शिवाव्या लागल्या, पण ताणून बसवल्या असत्या तर चुण्या कायमच्या राहिल्या असत्या.

फक्त गोट, म्हणजे कडेची पट्टी, लावायचा राहिलेल्या दोन गोधड्या आधी संपवल्या. एक मात्र मी मनापासून सोडून दिली; तिचे कापड आता दुसरीच्या अस्तरात आहे.