जपानी घरात राहायला जाताना

पुण्यात जपानी शिकून सहा महिने किंवा वर्षभरासाठी तिकडच्या विद्यापीठात किंवा भाषाशाळेत जाणाऱ्यांची कागदपत्रं बहुतेक वेळा चोख असतात, कारण त्यामागे शाळा लागलेली असते. अडतं ते यजमान कुटुंबाच्या घरात. आपण काय खातो, कधी येतो, काय चालत नाही हे आधी स्पष्ट न कळवल्यामुळे अडतं. म्हणून ही यादी कागदपत्रांपासून सुरू होत असली तरी तिचा भर घरावर आहे.

कागदपत्रांत पहिलं येतं पात्रता प्रमाणपत्र, म्हणजे ‘सीओई’. जपानमधली शाळा ते तुमच्या वतीने तिथल्या इमिग्रेशनकडून मिळवते. त्याला एक ते तीन महिने लागतात आणि ते तारखेपासून तीनच महिने चालतं. ते हातात आलं की लगेच व्हिसाचा अर्ज करा. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी मुंबईतली जपानी वकिलात आहे. नारिता, हानेदा, कान्साई अशा मोठ्या विमानतळांवर उतरताच निवासी कार्ड मिळतं. तासांवर काम करायचा विचार असेल तर आठवड्याला 28 तासांपर्यंतच्या परवानगीचा अर्ज तिथेच भरून द्या, नंतरचा हेलपाटा वाचतो. राहत्या जागी पोचल्यावर 14 दिवसांच्या आत नगरपालिकेत जाऊन पत्ता नोंदवायचा आणि त्याच फेरीत राष्ट्रीय आरोग्य विम्यात नाव घालायचं. तीन महिन्यांपेक्षा जास्त राहणाऱ्यांना तो सक्तीचा आहे. डॉक्टरच्या बिलातला 30 टक्के वाटा आपण भरतो. वय 20 पूर्ण असेल तर निवृत्तिवेतन योजनेची नोंदणीही होते. तिथेच विद्यार्थ्यांसाठीच्या सवलतीचा फॉर्म मागून घ्या, नाहीतर दर महिन्याच्या हप्त्याची पत्रं घरी येत राहतात. निवासी कार्ड कायम खिशात हवं, तसा कायदा आहे.

औषधांकडे फार लोक दुर्लक्ष करतात. डॉक्टरने लिहून दिलेली औषधं एक महिन्यापुरती आणि साधी दुकानातली दोन महिन्यांपुरती नेता येतात; त्याहून जास्त हवी असतील तर आधी जपानी आरोग्य खात्याकडून आयात प्रमाणपत्र घ्यावं लागतं. सर्दी-खोकल्याच्या आपल्याकडच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं. त्याचं प्रमाण 10 टक्क्यांवर गेलं की ते औषध नेताच येत नाही. कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधांनाही मर्यादा आहे. घरातल्या औषधांच्या डब्यातून उचलून बॅगेत टाकू नका. प्रत्येक पाकिटावरचे घटक वाचा आणि चिठ्ठीची इंग्रजी प्रत सोबत ठेवा.

खाण्याच्या वस्तूंत मांसाचे पदार्थ, ताजी फळं, कढीपत्ता, हिरव्या मिरच्या, कच्चे तांदूळ-डाळी नेऊ नका. वनस्पतींना आपल्याकडचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं आणि ते नसेल तर विमानतळावरच काढून घेतात. कंपनीच्या बंद पाकिटातले दळलेले मसाले पुरतात. हिंगाची डबी मात्र दोन पिशव्यांत बांधून झाकणाच्या डब्यात ठेवा, नाहीतर स्वेटरपासून पासपोर्टच्या पाकिटापर्यंत सगळ्याला वास लागतो. मिक्सर आणि इलेक्ट्रिक शेगडी इथेच राहू द्या: तिकडे वीज 100 व्होल्टची, आपली उपकरणं 230 ची, त्यामुळे ती नीट चालत नाहीत. फोन-लॅपटॉपच्या चार्जरवर ‘100-240’ लिहिलं असेल तर चालतं, पण भिंतीवरचं सॉकेट बहुधा दोन चपट्या पिनांचं असतं. लॅपटॉपची तीन पिनांची वायर त्यात बसत नाही, म्हणून तसा अडॅप्टर दोन नग न्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जेवण. फॉर्मवर नुसतं ‘शाकाहारी’ लिहिलं की कुटुंबाला वाटतं मांसाचे तुकडे बाजूला काढले म्हणजे झालं. मिसो सूप, उकडलेल्या भाज्या, उदोन-सोबा या शेवयांचं पाणी, सगळ्याच्या मुळाशी ‘दाशी’ म्हणजे उकळून काढलेलं चवीचं पाणी असतं, आणि ती दाशी बहुतेक वेळा वाळवलेल्या बोनिटो माशाची. बाजारातल्या जपानी करीच्या वड्यांत बऱ्याचदा प्राण्यांची चरबी असते. तेव्हा जाण्याआधीच मनाशी ठरवा: माशाची दाशी चालेल का, अंडं चालेल का, जिलेटीन चालेल का. मग तीन रकाने करा, ‘खातो’, ‘खात नाही’, ‘अडलं तर चालेल’, आणि जपानीत लिहून शाळेमार्फत निघण्याच्या किमान तीन आठवडे आधी पाठवा. ‘खातो’च्या रकान्यात तोफू, जाड तळलेला तोफू, एदामामे (सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा), कोंबू (समुद्री शेवाळ) आणि वाळलेल्या शिताके अळंब्यांची दाशी अशी नावं घाला, म्हणजे ओकासानला, म्हणजे यजमान घरातल्या आईला, स्वयंपाक सुचतो. कांदा-लसूण, एकादशी, श्रावण असेल तर तेही लिहा. उपवास कोणत्या तारखेला आणि त्या दिवशी काय खाणार हे आठवडाभर आधी सांगा. संकोचाने ‘सगळं चालतं’ म्हणून नंतर ताटात टाकणं ही सर्वांत वाईट वाट आहे. जपानी घरात ताटात टाकलेलं अन्न मनाला लागतं.

स्वतः काही करून खाऊ घालायचं असेल तर आधी विचारा. फोडणीची मोहरी तडतडली की तेल उडतं आणि वास पडद्यांत दिवसभर राहतो. एक्झॉस्ट पूर्ण वेगावर, दार बंद, कढईवर झाकण, आणि हळदीचा हात पांढऱ्या ओट्याला लावायचा नाही.

आंघोळीची रीत इथेच शिकून घ्या. टबातलं गरम पाणी घरातले सगळे एकापाठोपाठ वापरतात. म्हणून बाहेर स्टुलावर बसून साबण, शाम्पू, खळखळून धुणं आधी. अंगावर फेसाचा थेंबही नसताना टबात उतरायचं, केस वर बांधायचे, पंचा पाण्यात बुडवायचा नाही. बाहेर आल्यावर बूच काढायचं नाही, झाकण परत लावायचं. नवखी मुलं हमखास पाणी सोडून देतात आणि बाकीच्यांना टब पुन्हा भरावा लागतो. खोबरेल तेल लावून झोपायची सवय असेल तर उशीवर घालायला जुना टॉवेल न्या. थंडीत ते तेल गोठतं.

बूट चटकन निघणारे घ्या आणि मोजे भोकं नसलेले, आठ-दहा जोड तरी. दारातल्या खालच्या चौकात बूट काढून टोकं दाराकडे करून ठेवायचे. घरातल्या सपाता तातामीवर, म्हणजे गवती चटयांच्या जमिनीवर, नेत नाहीत, आणि संडासाच्या सपाता संडासातच राहतात. फुतोनवर, म्हणजे जमिनीवर अंथरायच्या गादीवर, झोपत असाल तर सकाळी घडी करून कपाटात ठेवा. जमिनीवर पडून राहिला की खाली ओल धरून बुरशी येते.

कचऱ्याचं वेळापत्रक पहिल्याच दिवशी मागून घ्या. ते गावागणिक बदलतं. प्लास्टिकच्या पाणबाटलीचं झाकण वेगळं, लेबल सोलून वेगळं, बाटली विसळून वेगळी. चुकीच्या दिवशी ठेवलेली पिशवी सूचनेची चिठ्ठी लावून तिथेच सोडतात, आणि ती कोणाच्या घरातली हे आळीला कळतं.

भेटवस्तू लहान आणि नीट गुंडाळलेली हवी: भाजलेले काजू, चहा, वारली चित्राचं कापड. आपली मिठाई त्यांना फार गोड लागते. चार नगांचा संच टाळा, चार हा आकडा अशुभ मानतात. दोन्ही हातांनी द्या.

रोजच्या व्यवहारात एकच गोष्ट जपा: रात्री जेवायला नसाल तर दुपारपर्यंत ‘लाईन’ ॲपवर कळवा. उशीर होणार असेल तर गाडी सुटण्याआधी. घरी येताना ‘तादाइमा’ (मी आलो), जेवणाआधी ‘इतादाकिमास’ (जेवायला सुरुवात करताना म्हणायचे आभाराचे शब्द), एवढं जपानी पहिल्या दिवसापासून तोंडात असू द्या.

भूकंपाची तयारी ओकासानसोबत बसून करा. घरातली आणीबाणीची पिशवी कुठे आहे आणि जवळचं आसराकेंद्र कोणतं, हे विचारा आणि तिथपर्यंत एकदा चालत जा. 119 म्हणजे रुग्णवाहिका व अग्निशमन, 110 पोलीस. आपत्तीत फोन लागत नाहीत, तेव्हा 171 वर ध्वनिनिरोप ठेवता येतो. हे आकडे, घरचा पत्ता आणि यजमानांचा नंबर जपानी लिपीत एका कागदावर लिहून पाकिटात ठेवा. फोनची बॅटरी संपली तरी तो कागद टॅक्सीवाल्याला दाखवता येतो.