स्पेक्ट्रमच्या पडद्यावर ‘रमेश देव’, तेही देवनागरीत

३० जानेवारी हा रमेश देवांचा जन्मदिवस. जन्म कोल्हापूरचा, निधन २ फेब्रुवारी २०२२ ला. माळ्यावर जुना डीबी स्पेक्ट्रम प्लस पडून असेल (पुण्याच्या डेसिबेल्स कंपनीने जोडलेला, ब्रिटनच्या सिंक्लेअर कंपनीचा घरगुती कॉम्प्युटर), तर त्यावर त्यांचं नाव देवनागरीत आणायला एक संध्याकाळ पुरते. बटण दाबलं की हे मशीन थेट बेसिक या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत उघडतं. घेणारा माणूस स्वतः प्रोग्रॅम लिहिणार, हे बनवणाऱ्यांनी गृहीतच धरलं होतं. घरातल्या कॉम्प्युटरवर तेव्हा एवढा विश्वास होता.

आधी वीज. लागतो ९ व्होल्ट डीसी, १.४ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर, आणि त्याच्या पिनचा मधला भाग ऋण हवा. दुकानातले बहुतेक अ‍ॅडॉप्टर मध्ये धन असतात. तसाच खुपसला तर मशीन जळतं. मल्टिमीटर लावल्याशिवाय पिन घालू नका.

टीव्ही यूएचएफ चॅनल ३६ वर, म्हणजे ५९१.२५ मेगाहर्ट्झला लावा. ऑटो ट्यून हा सिग्नल बरेचदा ओलांडून जातं, म्हणून हातानेच शोधा. सिंक्लेअरची कॉपीराइटची ओळ दिसली की मशीन ठीक आहे. नुसते पट्टे आले तर ४११६ या रॅम (मेमरी) चिपवर व्होल्टेज मोजा: पिन १ ला उणे ५, पिन ८ ला १२, पिन ९ ला ५. उणे ५ गायब असेल तर टीआर ४ ट्रान्झिस्टर आधी तपासा.

आता अक्षरं. स्पेक्ट्रम तुम्हाला स्वतःची २१ चिन्हं देतो, प्रत्येक ८ बाय ८ ठिपक्यांचं. वरच्या दोन ओळी मात्रेसाठी राखा, तिसरी ओळ पूर्ण भरा. ती शिरोरेषा, म्हणून शेजारची अक्षरं आपोआप जुळतात. उरलेल्या पाच ओळींत अक्षर बसवायचं. ‘व’ असा होतो:

००००००००
००००००००
११११११११
००००००१०
००१११११०
०१००००१०
००१११११०
००००००१०

१ म्हणजे भरलेला ठिपका. प्रत्येक ओळ द्विमान संख्या म्हणून वाचली की आकड्यांत: ०, ०, २५५, २, ६२, ६६, ६२, २. पोटात एक ठिपका जास्त पडला तरी ‘ब’ वाटायला लागतो. र, मे, श, दे हीही चौकटीच्या वहीत आधी पेन्सिलीने काढा. हे नाव सोयीचं आहे, कारण खाली काहीच लोंबत नाही. ‘निळू फुले’ लिहायचं तर दोन्ही शब्दांतल्या उकारांसाठी खाली वेगळे चौकोन लागतील.

पाच अक्षरांचे ४० आकडे डेटा ओळींत भरा आणि ‘आय’चा ० ते ३९ असा फॉर लूप चालवून प्रत्येक आकडा ‘रीड’ने उचला आणि ‘पोक’ने (मेमरीत आकडा ठेवणारी आज्ञा) ‘यूएसआर "ए" अधिक आय’ या पत्त्यावर टाका. पोक हा शब्द अक्षर-अक्षर टाइप करायचा नसतो, ‘ओ’ दाबला की अख्खा उमटतो. एक आकडा गाळला तर त्यापुढची सगळी अक्षरं एक ओळ वर सरकतात. शिरोरेषा तुटलेली दिसली की चूक तिथेच शोधा. प्रिंटच्या ओळीत अक्षरं घालायला कॅप्स शिफ्ट आणि ९ दाबून ए ते ई टाइप करा. प्रोग्रॅम चालेपर्यंत तिथे साधी इंग्रजी अक्षरंच दिसतात. घाबरू नका.

नावाखाली चित्रपट द्या: ‘आंधळा मागतो एक डोळा’ १९५६, ‘आरती’ १९६२, ‘आनंद’ १९७१. शेवटचा गाळू नका. श्रीमंतांच्या खोट्या दुखण्यांवर हसत औषध देणारा आणि गरिबांना मनापासून तपासणारा डॉ. प्रकाश कुलकर्णी त्यांनी इतका सहज केला की सगळी नजर राजेश खन्नांवर असतानाही तो लक्षात राहतो.

प्रोग्रॅम कॅसेटवर सेव्ह करताना टेप रेकॉर्डरची ‘इअर’ची वायर काढून ठेवा, नाहीतर आवाज फिरून परत मशीनमध्ये जातो आणि रेकॉर्डिंग बिघडतं. कॅसेट नवीच घ्या. आपल्या पावसाळ्यात जुन्या फितीला बुरशी धरते. मग फीत मागे घ्या, वायर लावा, आवाज तीन चतुर्थांशावर ठेवून व्हेरिफाय करा, म्हणजे प्रोग्रॅम नीट उतरला का ते तपासा. ‘ओके’ आल्याशिवाय मशीन बंद करू नका.