अणुकचऱ्याच्या सिरॅमिकवर पीएचडी करायची असेल तर

अणुकचरा सिरॅमिकच्या स्फटिकांत कोंडून ठेवण्यावर संशोधन करते म्हटलं की लोक आधी माझ्या तब्येतीची चौकशी करतात. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत प्लुटोनियम नसतंच. त्याच्या जागी आम्ही सिरियम वापरतो, अमेरिशियमच्या जागी निओडिमियम, कारण आयनांचा आकार आणि भार मिळताजुळता असतो. पण सिरियमचा भार भट्टीत सहज +४ वरून +३ वर उतरतो, म्हणून प्रत्येक निष्कर्षाला 'हे सिरियमपुरतं' अशी शेपटी लावायची सवय पहिल्याच वर्षी लावून घ्या. परीक्षक नेमकं तिथेच पकडतात.

तारापूर, तुर्भे, कल्पाक्कमला उच्चपातळीचा कचरा बोरोसिलिकेट काचेत बांधतात. काच जवळजवळ सगळी मूलद्रव्यं सामावून घेते. सिरॅमिकमध्ये मात्र प्रत्येक अणूला स्फटिकात नेमकी जागा लागते. भूरसायनशास्त्रज्ञ टेड रिंगवुड यांनी १९७८ मध्ये ऑस्ट्रेलियात मांडलेलं 'सिनरॉक' हे कृत्रिम खडकासारखं सिरॅमिक यावरच उभं आहे: सीझियम हॉलंडाइटमध्ये, स्ट्रॉन्शियम पेरोव्स्काइटमध्ये, प्लुटोनियमसारखी ॲक्टिनाइड मूलद्रव्यं मुख्यतः झिर्कोनोलाइटमध्ये. ही कल्पना निसर्गातल्या खनिजांवरून आली, आणि त्यातली गोचीही तिथेच दिसते. अल्फा क्षयात, म्हणजे अणूतून अल्फा कण बाहेर पडताना, मागे फेकलेलं केंद्रक हजारेक अणू जागचे हलवतं, आणि युरेनियम-थोरियम बाळगणाऱ्या काही खनिजांची स्फटिकरचना कालांतराने पार मोडून जाते. गॅडोलिनियम टायटॅनेटचंही तेच होतं. टायटॅनियमच्या जागी झिर्कोनियम आणलं, की अणूंची अदलाबदल होते पण पदार्थ स्फटिकच राहतो. मी या विषयात पडले ती याच फरकामुळे.

रोजचं काम मात्र पावडरीचं. लॅन्थनम, निओडिमियमची ऑक्साइडं हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड शोषतात. १००० अंशांना तापवून मगच वजन करा, नाहीतर प्रमाण सुरुवातीलाच बिघडतं. मग खलायचं, पेलेट (छोटी चकती) दाबायची, १४०० अंशांच्या वर भाजायची, एक्सआरडी (स्फटिकरचना ओळखणारा क्ष-किरणांचा आलेख) काढायचा. आलेखात २८ अंशांच्या कोनाच्या जरा पुढे छोटं टेकाड दिसलं तर झिर्कोनिया शिल्लक आहे: पुन्हा खल, पुन्हा भट्टी. रचना पायरोक्लोर (अणू शिस्तीत) की फ्लोराइट (अणू विस्कळीत), हे ठरवायला गॅडोलिनियम झिर्कोनेटमध्ये साधा एक्सआरडी अपुरा पडतो, कारण फरक सांगणारी शिखरं फार क्षीण असतात. रामन वर्णपट जोडीला घ्या.

पुष्कळ शोधनिबंध इथेच थांबतात, आणि मला ते अर्धवट वाटतात. कचरा आत बसला हे कळलं, पण पाण्यात किती सुटतो? ९० अंशांच्या पाण्यात नमुना ठेवून आयसीपी-एमएसवर (पाण्यातली अत्यल्प मूलद्रव्यं मोजणाऱ्या यंत्रावर) मोजण्याचं काम कंटाळवाणं आहे खरं, पण तेच तुमच्या प्रबंधाचा कणा होईल. रिकाम्या भांड्याचं, नुसत्या पाण्याचं मोजमापही सोबत हवंच.

किरणोत्सर्गाची हानी तपासायला दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्राकडे बीमटाइमसाठी (आयनांचा झोत वापरायच्या वेळेसाठी) प्रस्ताव पाठवता येतो. नव्या विद्यार्थ्यांना शंभर एमईव्हीच्या आयनांचं आकर्षण असतं. ते आपली ऊर्जा मुख्यतः इलेक्ट्रॉनांना देतात, तर अल्फा क्षयातलं केंद्रक सुमारे शंभर केईव्हीचं, म्हणजे हजारपट कमी ऊर्जेचं, असतं आणि थेट अणूंना धडकतं. प्रस्तावात हा फरक मांडा, आणि जमल्यास कमी ऊर्जेचा बीम मागा. त्यात हानी वरच्या पातळ थरातच होते, तेव्हा एक्सआरडी तिरक्या कोनातून घ्यावा लागेल.

नोकरीचं म्हणाल तर भाभा अणुसंशोधन केंद्र आहेच. पण गॅडोलिनियम झिर्कोनेट टर्बाइनच्या पात्यांवरच्या उष्णतारोधक लेपातही वापरतात, त्यामुळे कोटिंगच्या कंपन्यांकडेही अर्ज टाका. तिथे कचऱ्याबद्दल फारसं कुणी विचारत नाही. भट्टी आणि एक्सआरडी स्वतः चालवलंत का, एवढंच विचारतात.