नवोदयचा अर्ज भरण्याआधी शाळेचा पत्ता तपासा

जवाहर नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेशाचा अर्ज ऑनलाइन आणि मोफत असतो. तो भरण्याआधी मुलाची तिसरी, चौथी आणि पाचवी नेमकी कुठे झाली ते लिहून काढा. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या आहेत. पण या तीन वर्षांत एक दिवस जरी मूल शहरी हद्दीतल्या शाळेत शिकले, तर ते शहरी गटात धरले जाते. पालक इथेच फसतात. मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याचे प्रमाणपत्र ठरलेल्या नमुन्यातच घ्या, जन्मतारीख दाखल्याशी ताडून पाहा. प्रवेशासाठीची निवड परीक्षा दुसऱ्यांदा देता येत नाही. दोन तासांत ८० प्रश्न, त्यांतले ४० बुद्धिमत्ता चाचणीचे. चुकीला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये.