बाळाची कार सीट, गाडीत आणि विमानात: या चुका टाळा

गोव्यात कार सीट आता नवलाईची राहिलेली नाही. बारशाला आत्या-मामा मिळून ती देतात, नाहीतर दुबईहून येणारा काका सामानात घेऊन येतो. तरीही पर्वरीच्या सिग्नलला शेजारच्या गाडीत नजर टाकली, तर बरेचदा सीट मागे रिकामी असते आणि बाळ पुढे आईच्या मांडीवर. कधी बाळ सीटमध्येच असतं, पण पट्टे इतके सैल की ते आरामात वाकून समोरची पिशवी ओढत असतं. सीट गाडीला घट्ट हवी आणि मूल सीटला घट्ट हवं. हे दोन जोड नीट नसतील तर महागातली सीटही निरुपयोगी ठरते. बहुतेक चुका या दोन जोडांतच होतात.

“जवळच तर जायचंय, घे मांडीवर”

ही सगळ्यात मोठी चूक आहे. म्हापशाहून बस्तोड्याला जायचं असो की फोंड्याहून मंगेशीला, पावसात रस्त्यावर बसलेली गुरं आणि वळणावर मध्येच थांबणारी बस तिथेही असतेच. ताशी ५० किलोमीटर वेगातली गाडी धडकून साधारण अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली, तर आतल्या प्रत्येकावर त्याच्या वजनाच्या वीसेक पट जोर येतो. म्हणजे दहा किलोचं बाळ त्या क्षणी दोनशे किलोंच्या जोराने पुढे जातं. ते कोणाच्याही हातांत राहत नाही, आई कितीही सावध असली तरी.

त्याहून वाईट म्हणजे आईने सीटबेल्ट लावून त्याच पट्ट्यात बाळालाही घेणं. धडकेत आईचं सगळं वजन बाळावर येतं आणि ते पट्टा व आई यांच्यामध्ये चिरडलं जातं.

कायदाही स्पष्ट आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ब नुसार चौदा वर्षांखालच्या मुलाला सीटबेल्ट किंवा चाइल्ड सीटविना नेल्यास एक हजार रुपये दंड आहे. घरातल्या मोठ्यांशी वाद होत असेल तर दंडाची गोष्ट पटकन पटते, असा अनुभव आहे. “आई, पोलीस पावती फाडतील” हे वाक्य “आई, हे धोक्याचं आहे” या वाक्यापेक्षा लवकर काम करतं. करू द्यावं.

पहिला वाढदिवस झाला की सीट पुढे वळवणं

तान्ह्या बाळाची सीट रिअर-फेसिंग असते, म्हणजे बाळाचं तोंड गाडीच्या डिकीकडे. वाढदिवसाचा केक कापला की घरात लगेच सुरू होतं: आता त्याला समोरचं दिसू दे, बिचाऱ्याचे पाय दुमडतात. पाय दुमडल्याने मुलाला काही होत नाही. मुलं घरीही मांडी घालून, पाय वर करून बसतात. प्रश्न मानेचा आहे. या वयात डोकं शरीराच्या मानाने खूप मोठं आणि जड असतं, आणि मानेचे मणके अजून पुरते हाडाचे झालेले नसतात. समोरून धडक बसली की पुढे तोंड करून बसलेल्या बाळाचं धड पट्ट्यांनी अडतं, डोकं मात्र पुढे फेकलं जातं आणि सगळा ताण मानेवर येतो. डिकीकडे तोंड असेल तर तोच जोर पाठ, मान आणि डोकं मिळून सीटच्या कवचावर घेतात.

युरोपात चालणाऱ्या जुन्या आर-४४ सुरक्षा मानकाच्या सीट वजनावर ठरायच्या आणि त्यात नऊ किलोपासून सीट वळवायला मुभा होती. गुटगुटीत बाळ हे वजन पहिल्या वाढदिवसाच्या आतच गाठतं, त्यामुळे ही चूक मॅन्युअल वाचूनही होते. २०१३ साली आलेल्या आर-१२९ मानकात सीट मुलाच्या उंचीवर ठरते आणि निदान पंधरा महिन्यांपर्यंत रिअर-फेसिंग सक्तीचं आहे. हे पंधरा महिने किमान समजायचे. सीटवर लिहिलेली वजनाची किंवा उंचीची मर्यादा संपेपर्यंत, म्हणजे बऱ्याच सीटमध्ये तीन-चार वर्षांपर्यंत, ती तशीच ठेवावी.

आणि रिअर-फेसिंग सीट पुढच्या सीटवर, चालू एअरबॅगसमोर कधीही नाही. एअरबॅग फुगते ती थेट बाळाच्या डोक्यामागच्या कवचावर आदळते. एअरबॅग बंद करायचं बटण तुमच्या गाडीत नसेल तर पुढची सीट बाळासाठी नाहीच, असं धरून चाला.

सीट हलते, पट्टा सैल पडतो

सीट गाडीत बसवल्यावर जिथून पट्टा जातो तिथे, म्हणजे खालच्या बाजूला धरून हलवून पाहा. दोन्ही बाजूंना एक इंचापेक्षा जास्त हलली तर ती सैल आहे. वरचं टोक धरून हलवू नका. रिअर-फेसिंग सीट वरून थोडी हलतेच, आणि त्याला घाबरून लोक उगाच सगळं उसवून पुन्हा बसवतात.

सैल राहण्याची कारणं ठरलेली आहेत. पट्टा चुकीच्या खाचेतून गेलेला असतो. युरोपीय मानकाच्या सीटवर रिअर-फेसिंगसाठी निळ्या आणि फॉरवर्ड-फेसिंगसाठी लाल खुणा असतात, त्या पाहा. पट्ट्याला पीळ पडलेला असतो. गुडघ्याने सीट दाबून धरत पट्टा ओढलेला नसतो. आयसोफिक्स, म्हणजे पट्ट्याऐवजी गाडीतल्या लोखंडी कड्यांत सीट थेट अडकवायची सोय, असेल तर दोन्ही खुणा हिरव्या झाल्या का ते बघावं. एकच हिरवी असेल तर सीट एकाच बाजूने अडकली आहे. सीटला पुढे आधाराचा पाय असेल तर तो गाडीच्या टणक तळावर टेकला पाहिजे. तळात झाकणाचा कप्पा असलेल्या गाडीत तो पोकळ झाकणावर टेकतो, तिथे गाडीचं मॅन्युअल बघावंच लागेल.

कोनाची एक अडचण आपल्याकडे हमखास येते. सीटवरची रेघ जमिनीला समांतर हवी असते, पण पणजीच्या आल्तिनोवर उतारात लावलेल्या गाडीत ती तपासली तर काहीच्या काही दिसतं. सपाट जागी गाडी आणा, मग तपासा. तान्ह्या बाळाची सीट फार उभी बसली तर हनुवटी छातीवर टेकते आणि श्वासाला अडथळा होतो. त्यामुळेच घरी पोचल्यावर झोपलेल्या बाळाला सीटमध्येच ठेवून हॉलमध्ये आणू नये. उचलून सपाट गादीवर ठेवावं, उठलं तर उठलं.

मूल बसवल्यावर चिमटीची परीक्षा करा. खांद्याच्या हाडापाशी पट्टा उभा चिमटीत धरायचा. चिमटीत आला तर सैल, बोटं घसरली तर ठीक. पट्टा कुठल्या खाचेतून यावा हेही सीटच्या दिशेवर ठरतं: रिअर-फेसिंगमध्ये खांद्याच्या बरोबरीने किंवा किंचित खाली, फॉरवर्डमध्ये खांद्याच्या बरोबरीने किंवा किंचित वर. थंड देशांत जाड जॅकेटवरून पट्टा लावू नका असं सांगतात. आपल्याकडे जॅकेटाची जागा रेनकोटने घेतली आहे. फुगलेल्या रेनकोटवरून आवळलेला पट्टा प्रत्यक्षात दोन बोटं सैल असतो. रेनकोट काढा, पट्टा लावा, वाटल्यास वरून चादर घाला.

चवथीला गावच्या घरी जाताना मागे माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायचं सामान असतं: नारळ, सुपाऱ्यांचे घड, तवशी, वर पाटाची चळत. हे सगळं बाळाच्या मागे मोकळं ठेवलेलं असतं. धडकेत सुटा नारळ सरळ पुढे येतो. जड वस्तू डिकीच्या तळाशी, दोरीने बांधून ठेवाव्यात.

जी कार सीट नाहीच, ती कार सीट समजणं

ऑनलाइन मिळणाऱ्या कापडी गाद्या, ज्या मागच्या सीटला पट्ट्याने बांधायच्या असतात, त्यांना मी कार सीट म्हणणार नाही. तसंच ‘कॅरी कॉट’ म्हणून विकले जाणारे काही पाळणे दिसायला हुबेहूब तान्ह्या बाळाच्या सीटसारखे असतात, पण ते केवळ झुलवायला असतात. खरी सीट ओळखायची ती तिच्यावरच्या स्टिकरने: वर्तुळात इंग्रजी ‘ई’ आणि एक आकडा, बरोबर आर-४४ किंवा आर-१२९ चा उल्लेख. भारतीय मानक एआयएस-०७२ आहे. अमेरिकेतून आणलेल्या सीटवर ‘ई’ नसेल, तिथल्या मानकाचा मजकूर असेल.

नात्यात फिरणारी सीट घ्यायला हरकत नाही, पण ती कधी अपघातातून गेली आहे का आणि तिची मुदत संपली आहे का, हे दोन प्रश्न विचारा. मुदत बहुतेकदा बुडाच्या प्लॅस्टिकवर छापलेली असते. अपघातातली सीट वरून धड दिसली तरी वापरू नये.

विमानात होणाऱ्या चुका

दोन वर्षांखालचं मूल मांडीवर घेऊन प्रवास करता येतो, तसा नियमच आहे. पण नियमात बसतं म्हणून ते सगळ्यात सुरक्षित ठरत नाही. १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत युनायटेडचं फ्लाइट २३२ सू सिटीला कोसळलं. विमानात मांडीवरची चार मुलं होती. तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे त्यांना आईबापांच्या पायांशी जमिनीवर ठेवायला सांगितलं गेलं. त्यातलं एक वाचलं नाही. तशी सूचना देणाऱ्या मुख्य फ्लाइट अटेंडंट जॅन ब्राउन पुढे कित्येक वर्षं लहान मुलांना स्वतंत्र सीट मिळावी म्हणून झटल्या. तरीही अमेरिकेच्या एफएएने, म्हणजे तिथल्या विमान वाहतूक नियामकाने, सक्ती केली नाही. त्यांचं म्हणणं असं की तिकिटाच्या खर्चामुळे कुटुंबं विमान सोडून गाडीने निघतील, आणि रस्ता विमानापेक्षा कितीतरी धोक्याचा आहे. या युक्तिवादातून आपण एक गोष्ट घ्यावी: बाळासाठी वेगळं तिकीट परवडत नसेल तरी सीट बरोबर न्यावी, कारण उतरल्यावरच्या रस्त्याला ती जास्त लागणार आहे.

तिकीट काढलं असेल तर पुढच्या चुका टाळा. विमानात आयसोफिक्स नसतं आणि खांद्यावरून येणारा पट्टाही नसतो, फक्त कमरेचा पट्टा असतो. म्हणून केवळ आयसोफिक्सवर बसणारी सीट तिथे चालत नाही. बूस्टर, म्हणजे मोठ्या मुलाला उंच बसवणारं आसन, तेही चालत नाही. विमानासाठी मान्य असलेल्या अमेरिकी सीटवर तसं लाल अक्षरांत लिहिलेलं असतं, युरोपीय सीटवर ‘फॉर यूज इन एअरक्राफ्ट’ असा शिक्का असतो. या खुणेचा फोटो फोनमध्ये ठेवा आणि बुकिंग करतानाच विमान कंपनीकडून ईमेलवर होकार घ्या. काउंटरवर तोंडी वाद घालून काही हाती लागत नाही.

सीट खिडकीपाशी लावायची, म्हणजे इतरांची वाट अडत नाही. इमर्जन्सी दाराच्या ओळीत आणि तिच्या लगतच्या ओळींत नाही. फुगणारा पट्टा असलेल्या जागेवरही नाही. विमानाच्या पट्ट्याचं बकल नेमकं बाळाच्या पाठीत रुततं का ते बघा. रुतत असेल तर क्रूकडे पट्ट्याचं एक्स्टेन्शन मागा, बकल बाजूला सरकतं.

मांडीवर घेणार असाल तर क्रू आपल्या पट्ट्याला जोडायचा लहान लूप बेल्ट देतो, तो बाळाच्या कमरेला लावा. बाळ झोळीत बांधलेलं असेल तर उड्डाणाला आणि उतरताना बाहेर काढावं लागतं. आपला मोठा पट्टा दोघांभोवती लावणं इथेही चूकच आहे.

सीट सामानात देणार असाल तर जाड पिशवीत घाला, आणि सामानाच्या पट्ट्यावरून घेताच कवचाला तडा गेला आहे का, पट्टे नीट सरकतात का, हे विमानतळावरच बघा. घरी पोचून तक्रार करायला उशीर होतो.

मोपा किंवा दाबोळी विमानतळाच्या बाहेर

इथे भलेभले चुकतात. तीन तास नियम पाळलेले असतात, आणि टॅक्सीत बसताना सीट डिकीत जाते, बाळ मांडीवर येतं. मोपाहून मडगावला दीड तास सहज लागतो आणि तो सगळा वेळ महामार्गावर जातो.

टॅक्सीतली खरी अडचण वेगळीच असते: मागच्या सीटबेल्टचं बकल सीट कव्हरखाली गाडलेलं असतं. “भाऊ, कव्हर जरा वर करशील? बाळाची सीट लावायची आहे,” असं सामान ठेवण्याआधीच सांगा. बहुतेक चालक स्वतः हात घालून बकल वर काढतात. टॅक्सी सांगताना, मग ती ॲपवरची असो की ओळखीची, मागे खांद्यावरून येणारा पट्टा आहे का ते फोनवर विचारून घ्या. काळ्या पाटीची भाड्याची गाडी घेणार असाल तर आयसोफिक्सबद्दलही विचारा. आणि आयसोफिक्सशिवाय, नुसत्या पट्ट्याने सीट कशी बसवायची ते घरी दोनदा करून बघा. पावसात, मागे हॉर्न वाजत असताना ते शिकता येत नाही.

स्कूटरबद्दल थोडक्यात. पुढे उभं केलेलं मूल गोव्यात रोज दिसतं. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलासाठी १५ फेब्रुवारी २०२३ पासून चालकाला बांधणारा सेफ्टी हार्नेस, मुलाला हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा, असा केंद्राचा नियम आहे. माझं मत विचाराल तर एवढ्या लहान मुलाला स्कूटरवर नेऊच नये.

वाळू, बुरशी आणि मूल पट्टा उघडतं तेव्हा

बकलचा ‘खट्’ आवाज येईनासा झाला तर आधी वाळूचा संशय घ्या. कळंगुट, मिरामार, कोलवा, कुठूनही परतताना मुलाच्या अंगावरची वाळू बकलात जाते. मॅन्युअल परवानगी देत असेल तर बकल कोमट पाण्यात हलवून धुवा आणि सावलीत सुकवा. तेल किंवा ग्रीस घालू नका, त्याला वाळू आणखी चिकटते. पट्टे साबणात भिजवू नका, ओल्या फडक्याने पुसा. पावसाळ्यात कव्हर काढून फोमला वारा लागू द्या, नाहीतर आषाढातच बुरशीचा वास सुरू होतो. एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या गाडीतलं धातूचं बकल मुलाला टेकवण्याआधी स्वतःच्या मनगटाला लावून पाहा.

मूल रडतं म्हणून त्याला चालत्या गाडीत सीटमधून काढू नका. बोरीच्या किंवा चोर्ल्याच्या घाटात तर मुळीच नाही. रुंद जागा दिसली की गाडी बाजूला घ्या, बाळाला बाहेर काढा, दूध द्या, लंगोट बघा, परत बसवा आणि चिमटीची परीक्षा पुन्हा करा. लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी असं थांबायचंच आहे. मोठं मूल स्वतःच पट्ट्यातून हात काढत असेल तर पट्टा सैल आहे किंवा खाच खाली राहिली आहे, ते आधी सुधारा. तरीही काढत असेल तर प्रत्येक वेळी गाडी थांबवा आणि हात पुन्हा पट्ट्यात घातल्याशिवाय सुरू करू नका. सुरुवातीचे काही दिवस पोचायला उशीर होईल, तेव्हा घरातून वीस मिनिटं आधी निघा.