अवतरणाचं मूळ शोधताना चुकलेली वाट

इंग्रजी लेखाचा मराठी अनुवाद करत होते. त्यात अणुबॉम्बच्या संदर्भात, तो घडवणाऱ्या प्रकल्पातले अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ ओपेनहायमर यांनी उद्धृत केलेलं गीतेतलं वाक्य आलं : ‘मी आता मृत्यू झालो आहे, जगांचा संहारक.’ गीतेचं वचन इंग्रजीवरून उलटं मराठीत आणणं मला पटेना. मूळ शब्दच हवे होते.

मी गीतेत ‘मृत्यु’ हा शब्द शोधला. १०.३४ मध्ये ‘मृत्युः सर्वहरश्चाहम्’ सापडलं आणि मी ते उतरवूनही घेतलं. पण ‘जगांचा संहारक’ तिथे कुठेच नव्हतं. तेव्हा शब्द सोडून प्रसंग धरला. ओपेनहायमर वाक्याआधी विश्वरूपाचा उल्लेख करतात, म्हणजे अकरावा अध्याय. ११.३१ मध्ये अर्जुन विचारतो, हे उग्ररूपधारी, तू कोण? लगेच ११.३२ मध्ये उत्तर येतं : ‘कालोऽस्मि लोकक्षयकृत्प्रवृद्धो’. ‘लोकक्षयकृत्’ म्हणजेच तो संहारक!

इंग्रजीतला मृत्यू इथे ‘काल’ आहे. संस्कृतात कालाला मृत्यूचाही अर्थ आहे, म्हणून ते भाषांतर अगदीच चुकीचं नाही; पण मराठी वाचकाला ‘काळ’ शब्दात दोन्ही अर्थ आपसूक मिळतात, ते का घालवायचे?

शेवटी मूळ चरण श्लोकक्रमांकासह दिला. ओपेनहायमर यांच्या तोंडी मात्र ‘मृत्यू’च ठेवला, कारण ते तसंच म्हणाले होते. हा फरक एका ओळीच्या तळटीपेत सांगितला. आता कुठलंही अवतरण आलं की आधी कोण, कुणाला, कधी म्हणतंय ते पाहते, शब्द नंतर.