रजिस्टर कोरं होतं, म्हणून मी खूश होतो

मेकॅनिकलचा डिप्लोमा करून चाकणला लागलो आणि चार वर्षांनी शिफ्ट सुपरवायझर झालो. हाताखाली सहा सीएनसी मशीन, आठ ऑपरेटर, एक सेटर, म्हणजे मशीनवर टूल लावून माप जुळवून देणारा. शिफ्ट संपताना हँडओव्हर रजिस्टरमध्ये अडचणी लिहायच्या असतात. माझ्या पानावर बहुतेक दिवस दोनच शब्द, ‘सर्व ओके’. पुढच्या शिफ्टच्या सुपरवायझरचं पान मात्र गच्च: कूलंट कमी, चक घसरतोय, तीन पीस रिजेक्ट. मला वाटायचं, याला माणसं सांभाळता येत नाहीत.

मग एकदा स्टोअरचा हिशोब जुळेना. दिलेली कास्टिंग, म्हणजे कच्चे ओतीव तुकडे, आणि झालेले पीस यात चौदाचा फरक. ते चौदा सापडले एका मशीनच्या मागे, गोणपाटाखाली. सगळ्यांचा बोअर, म्हणजे आतलं गोल भोक, मोठा.

ड्रॉइंगवर बोअर 25 एच7, म्हणजे 25.000 ते 25.021 मिमीच्या आतच हवा. इन्सर्ट, म्हणजे टूलच्या टोकाचा कापणारा तुकडा, झिजेल तसा बोअर लहान येऊ लागतो, म्हणून ऑपरेटर वेअर ऑफसेट, म्हणजे मशीनमध्ये भरायची झिजेची भरपाई, थोडाथोडा वाढवत नेतो. इन्सर्ट बदलला की तो ऑफसेट शून्यावर आणायचा. विसरलं, की नवा इन्सर्ट जास्त कापतो. लहान बोअर परत कापता येतो, मोठा झालेला भंगारातच. कुणाच्याही हातून होईल अशी चूक. चौदा पीस एका दिवसाचे नव्हतेच, दर वेळी एक-दोन असे तीन आठवडे साठलेले.

“सांगितलं का नाहीस?” त्या मशीनवरचा मुलगा गप्प. संध्याकाळी सेटरने बाजूला घेतलं. “साहेब, मागं त्याचा एक पीस गेला तेव्हा तुम्ही त्याला सगळ्यांसमोर उभं केलं होतं. तुम्हाला सांगण्यापेक्षा मशीनमागं ठेवणं सोपं.”

मला तो प्रसंग आठवतही नव्हता. जास्त लागलं ते हेच.

टोयोटाच्या लाईनवर अडचण दिसली की साधा कामगारही दोरी ओढतो, हे ट्रेनिंगमध्ये आपण सगळेच ऐकतो. आमच्याकडेही लाल दिवा आहे. दिवा लागल्यावर धावत येणारा साहेब कुठल्या तोंडाने येतो, ते काही तिथे शिकवत नाहीत.

लाईन नव्याने हातात आली असेल तर बोर्डावरच्या आकड्यांवरून स्वतःला मार्क देऊ नका. प्रॉडक्शन आणि रिजेक्शनमध्ये मशीन, कास्टिंग, मेंटेनन्स सगळ्यांचाच वाटा असतो. मी खिशातल्या डायरीत दोन रकाने आखले: ‘सांगितलं’ आणि ‘सापडलं’. पहिल्या आठवड्यात नऊ अडचणी, त्यातल्या दोनच कुणी आपणहून सांगितलेल्या. माणसांना तोंडावर “मी कसा आहे?” विचारूनही पाहिलं, चहा पाजून. “चांगले आहात साहेब.” चहा फुकट गेला. त्यापेक्षा अडल्यावर माणूस आधी कुणाकडे जातो ते बघा. माझे आठही जण सेटरकडे जायचे.

मग इन्सर्ट बदलल्यावरचा पहिला पीस मापून मला दाखवायचा, असं ठरवलं. हा नियम आधीही होता, कागदावर. आणि रिजेक्ट पीसच्या लाल बिनपाशी उभं असताना “कुणी केलं?” हा प्रश्न मी बंद केला. डिस्पॅचची गाडी गेटवर उभी असताना एकदा तोंडून निघालाच. दुसऱ्या दिवशी त्याच जागी, सगळ्यांसमोर, चुकलो म्हणालो. सोपं गेलं नाही.

एक मात्र आधीच करून ठेवा: आपल्या मॅनेजरला कल्पना द्या. लपलेले पीस बिनमध्ये येऊ लागले की महिनाभर रिजेक्शन वाढलेलं दिसतं. मी सांगितलं नव्हतं, त्यामुळे केबिनमध्ये उभं राहून ऐकून घ्यावं लागलं. सगळ्यांसमोर नाही, एवढं नशीब.

गेल्या आठवड्यात सात अडचणी, त्यातल्या पाच ‘सांगितलं’मध्ये. उरलेल्या दोन्ही एकाच मशीनच्या. त्यावर माझ्या वडिलांच्या वयाचे मामा आहेत, मी ट्रेनी असताना मला माप तपासायचं गेज धरायला त्यांनीच शिकवलं. त्यांच्याशी हे कसं बोलायचं, ते अजून जमलेलं नाही.